सोंग आणि सांगणें

चैत्र महिना लागला म्हणजे वणींतल्या घरांतून पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. सप्तशृंगीच्या गडावर जावयाचें म्हणून आलेले आप्तेष्ट एकदोन रात्री मुक्काम करतात, आणि दिवसभराच्या उन्हानें शिणलेलीं माणसें रात्रीं अंगणांत बसलीं म्हणजे गप्पांना जो विषय लागतो तो बहुधा सिनेमाचा असतो. एके काळीं महाराष्ट्रांतल्या मोठ्या यात्रांतून तंबूंतला सिनेमा येई. आतां ज्याच्या त्याच्या खिशांत पडदा आला आहे. त्यामुळें पाहण्याची गंमत एकट्याची झाली असली तरी भांडण्याची हौस सार्वजनिकच राहिली आहे. यंदा आमच्या अंगणांत असें एक भांडण चांगलें रंगलें.

एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले कीं, हल्लीं चित्रपट पाहावयास बसलें म्हणजे कोणी आपणांस पुन्हां शाळेंत घातलें आहे असें वाटतें. प्रत्येक कथेंत एक दलित, एक आदिवासी, एक मुसलमान आणि एक बंडखोर स्त्री हीं पात्रें, पानावर मीठ-लिंबू वाढावें तशीं, ओळीनें वाढलेलीं असतात. शेजारीं बसलेल्या त्यांच्याच पुतणीनें विचारलें, "काका, मग तुम्ही तीन वेळां जाऊन पाहिलात तो इतिहासाचा चित्रपट? त्यांत घोषणा नव्हत्या का?" काका म्हणाले, "त्या घोषणा नव्हेत; तो आपला इतिहास आहे." सगळे हंसले, काकाही हंसले, पण प्रश्न तसाच राहिला. आम्ही यजमान असल्यामुळें गप्प बसलों होतों. आणि खरें सांगावयाचें तर अनेक वर्षें आमचेंही मत काकांच्याच बाजूचें होतें. कथेनें कथा सांगावी, उपदेश कीर्तनकारावर सोपवावा, असें आम्ही मानीत आलों. तें मत आज आम्हांस जसेंच्या तसें धरून ठेवतां येत नाहीं. कां येत नाहीं, तें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम आमच्याच जिल्ह्याची साक्ष काढूं. भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं झाला, आणि १९४४ सालीं त्यांनीं देह ठेवला तो नाशकांत. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं मुंबईंत लागला. कथा पुराणांतली, राजा सत्यवचनी, ऋषि कोपिष्ट. यांत राजकारण कोठें आहे, असें कोणीही विचारील. परंतु फाळक्यांनीं पुढें 'नवयुग' मासिकांत आपली हकीगत लिहिली, तींत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहतांना आपल्या डोळ्यांपुढें राम आणि कृष्ण कसे उभे राहिले, आणि आपले देव, आपलीं माणसें पडद्यावर केव्हां दिसतील या विचारानें आपण कसे बेचैन झालों, हें त्यांनीं सांगितलें आहे. 'आमच्यासारखीं माणसें पडद्यावर दिसत नाहींत' ही तक्रार आज दलित, आदिवासी किंवा स्त्रिया करतात तेव्हां ती परदेशांतून आलेली टूम आहे असें आपण म्हणतों. आपला चित्रपट जन्मास आला तो मुळीं याच तक्रारीच्या पोटीं. फाळक्यांच्या मनांत कलेची ओढ जितकी होती तितकीच स्वदेशीची होती, आणि त्या दोहोंपैकीं एक काढून टाकली असती तर दुसरी उरली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

नाशकाची दुसरी साक्ष याहून तिखट आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशकाच्या विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यांना अनंत कान्हेरे या तरुणानें गोळ्या घातल्या. त्या दिवशीं रंगभूमीवर प्रयोग होता देवलांच्या 'संगीत शारदा'चा. 'शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आली ती उघडउघड एक सामाजिक सांगणें घेऊन. म्हाताऱ्याच्या गळ्यांत कोंवळी पोर बांधूं नये, एवढेंच तें सांगणें होतें. सरकारच्या दृष्टीनें हें नाटक निरुपद्रवी होतें, आणि कलेक्टरसाहेब स्वतः तें पाहावयास आले होते. इकडे खाडिलकरांचा 'कीचकवध' १९०७ पासून गाजत होता. त्यांत द्रौपदी, भीम, कंकभट, कीचक हीं पात्रें होतीं. लॉर्ड कर्झनचें नांव एकदांही नव्हतें. तरी १९१० सालीं त्यावर बंदी आली. सरकार मूर्ख नव्हतें. प्रेक्षागृहांतला प्रत्येक मनुष्य कीचकाच्या जागीं कोणाला पाहत आहे हें त्यास पक्कें ठाऊक होतें.

यावरून एक गोष्ट तरी निघते. सांगणें हें केवळ संहितेच्या शब्दांत नसतें. तें प्रेक्षक आणि प्रयोग यांच्या मधल्या जागेंत तयार होतें. म्हणून 'निर्मळ कथा' आणि 'प्रचारी कथा' असे दोन डबे करून त्यांत सगळे चित्रपट घालणें जमत नाहीं. जें आपणांस आधींच पटलेलें असतें तें आपणांस सांगणें म्हणून ऐकूंच येत नाहीं. काकांना त्यांच्या चित्रपटांतल्या घोषणा ऐकूं आल्या नाहींत यांत त्यांचा लबाडपणा नव्हता. घरांतल्या घड्याळाची टिकटिक घरच्या माणसाला ऐकूं येत नाहीं, पाहुण्याला मात्र ती रात्रभर झोपूं देत नाहीं, तसेंच हें आहे.

मात्र येथें थांबणारे जे लोक आहेत त्यांच्याशीं आमचें जुळत नाहीं. ते म्हणतात, सर्वच कला राजकारणी आहे, तेव्हां प्रचारी चित्रपटास नांवें ठेवण्याचा कोणास अधिकार नाहीं. हा युक्तिवाद पांगळा आहे. सर्व स्वयंपाकांत मीठ असतें हें खरें. म्हणून मूठभर मीठ पानांत टाकून त्यास भाजी म्हणतां येत नाहीं. सांगणें असणें आणि सांगणें सोसणें यांत फरक आहे, आणि तोच नेमका कोठें पडतो हें पाहावयाचें आहे.

आपल्याकडे हा वाद फडके आणि खांडेकर यांच्या नांवानें एक पिढीभर चालला. 'कलेसाठीं कला' आणि 'जीवनासाठीं कला' या दोन घोषणांनीं वाङ्मयीन सभासंमेलनें गाजलीं, आणि ज्यांनीं दोघांचें एकही पुस्तक पुरतें वाचलें नव्हतें त्यांनींही एकेक झेंडा खांद्यावर घेतला. खांडेकरांनीं 'छाया' (१९३६), 'ज्वाला' (१९३८) असे चित्रपटही लिहिले. आज मागें वळून पाहतांना त्या वादाविषयीं आदर वाटतो, पण त्यांत एक उणीव दिसते. दोन्ही पक्षांनीं सांगणें ही एक वेगळी वस्तु कल्पिली. एकानें ती पेल्यांत ओतावी म्हटलें, दुसऱ्यानें ओतूं नये म्हटलें. पेय आणि पेला असे दोन पदार्थ खरोखर वेगळे आहेत का, हें फारसें कोणी विचारलें नाहीं.

त्याच काळांत पुण्यांत प्रभात कंपनी जे चित्रपट काढीत होती ते पाहिले म्हणजे उत्तर अर्धेंअधिक मिळतें. 'कुंकू' (१९३७) हा नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामबापूंनीं केलेला चित्रपट. विषय 'शारदे'चाच, जरठ-कुमारी विवाह. फसवून लग्न लावलेली नीरा नवऱ्यास नवरा मानण्याचें नाकारते. शांता आपटे यांची ती नीरा पाहून त्या वेळच्या घराघरांत काय खळबळ माजली असेल याची कल्पना आजही करतां येते. पण आम्हांस तो चित्रपट आठवतो तो नीरेसाठीं जितका, तितकाच केशवराव दाते यांनीं उभ्या केलेल्या काकासाहेबांसाठीं. हा म्हातारा वकील राक्षस नाहीं. तो लाजतो, चिडतो, आपल्या वयाची खूण जागोजागीं लपवूं पाहतो. भिंतीवरचें जुनें घड्याळ त्यास वाकुल्या दाखवितें. आणि आपल्या हातून काय अन्याय झाला हें कळतें तेव्हां तें कळणें त्यास सोसवत नाहीं. चित्रपटाचें सर्व सांगणें त्याच्या विरुद्ध आहे, आणि तरी चित्रपट त्यास माणूस म्हणून उभें राहावयास पुरती जागा देतो. पाहणाऱ्या म्हाताऱ्या वकिलांना, आणि असे वकील तेव्हां पुष्कळ होते, 'हा मी नव्हे' असें म्हणून उठून जाण्याची सोय त्यामुळेंच राहिली नाहीं.

'संत तुकाराम' (१९३६) घ्या. व्हेनिसच्या प्रदर्शनांत १९३७ सालीं त्याचा गौरव झाला, म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतों. भक्तीचा महिमा हें त्याचें उघड सांगणें. परंतु गौरीबाईंची जिजाई पोरांच्या पोटांत अन्न नाहीं म्हणून संताशीं भांडते, आजारी पोर घेऊन देवळांत शिरते आणि विठोबावर वहाण उगारते, तेव्हां बाजू तिची आहे हें कोणास पटत नाहीं? जिजाईला मूर्ख आणि भांडकुदळ करून टाकलें असतें तर तुकाराम मोठा झाला नसता. उलट खोटा झाला असता.

यावरून आम्हीं स्वतःपुरती एक कसोटी केली होती. लेखकाला जें पात्र नावडतें त्याच्या तोंडीं त्यानें आपली चांगली युक्ति घातली आहे का? घातली असेल तर तो आपणांस विचार करावयास बोलावीत आहे. नसेल तर तो आपणांकडून टाळ्या मागत आहे. ही कसोटी घेऊन आम्ही बरीच वर्षें मोठ्या समाधानानें फिरलों. सरकारी माहितीपटांस ती लावावयाचीही गरज पडली नाहीं. १९४८ सालीं स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे पट प्रत्येक खेळापूर्वीं दाखविणें थिएटरांस सक्तीचें होतें, आणि त्या वेळांत लोक भुईमुगाच्या शेंगा आणावयास बाहेर जात. त्या पटांत कांहीं खरोखर उत्तम होते. पण ज्याला ऐकण्याची सक्ती आहे त्याचे कान आपोआप मिटतात. २०२२ सालीं ती संस्था दुसऱ्या सरकारी महामंडळांत विलीन झाली. आतां सक्तीच्या जागीं करमाफी आली आहे. ज्या चित्रपटाचें म्हणणें सत्तेस आवडतें त्याचें तिकीट स्वस्त होतें. पक्ष कोणताही असो, राज्यकर्ता समीक्षकाच्या खुर्चींत बसला कीं त्याची आवड भाबडी असते.

आमच्या समाधानास धक्का बसला तो एका पावसाळी रात्रीं, आमच्याच ओसरीवर.

वणीच्या आसपास द्राक्षाच्या बागा आहेत हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्या बागा ज्यांच्या हातांवर उभ्या आहेत ते मजूर सुरगाणा, पेठ या बाजूंचे, हें थोड्यांस ठाऊक असतें. ऑक्टोबरांतली गोडी छाटणी आणि एप्रिलांतली खरड छाटणी या दोन्ही वेळीं ते डोंगर उतरून येतात. आमच्या लहानशा बागेवरही असें एक कुटुंब बरीच वर्षें येतें. त्यांतल्या वृद्धास आम्ही बाबा म्हणतों, ते आम्हांस नाना म्हणतात. त्या रात्रीं अवकाळी पावसानें त्यांचें खोपट गळूं लागलें, म्हणून सगळे आमच्या ओसरीवर आले. घरांत मुलांनीं 'जैत रे जैत' लावला होता. डॉ. जब्बार पटेल यांचा हा १९७७ सालचा चित्रपट गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. ठाकरांच्या वाडींतला नाग्या, लिंगोबाच्या डोंगरावरच्या मधमाश्या, आणि ज्याची गोडी अजून उतरली नाहीं असें तें संगीत. आम्हीं बाबांना मुद्दाम पुढें बसविलें. मनांत थोडा अभिमान होता, तो कबूल करतों. पाहा, तुमच्यासारख्यांवर आमच्या लोकांनीं केवढा सुंदर चित्रपट काढला, असा.

बाबांनीं तो शेवटपर्यंत पाहिला. मग विचारलें, "नाना, हीं माणसें डोंगरांतलीं आहेत का?" आम्हीं सांगितलें कीं नाहीं, नाग्याचें काम करणारे मोहन आगाशे हे पुण्याचे डॉक्टर, स्मिता पाटील याही शहरांतल्याच. बाबा म्हणाले, "सोंग चांगलें घेतलें आहे." त्यांत उपहास नव्हता. सोंग या शब्दाचा अर्थ त्यांच्याकडे आमच्यासारखा हलका नाहीं. त्यांच्या गांवीं बोहाडा होतो. गणपतीपासून राम, रावण, भीम, अशीं देवादानवांचीं सोंगें मुखवटे लावून रात्रभर नाचतात आणि अखेरीस जगदंबा व म्हसोबा यांचें युद्ध होतें. कोणतें सोंग कोणत्या घरानें घ्यावयाचें हें पिढ्यान् पिढ्या ठरलेलें असतें. बाबांच्या घराकडे रावणाचा मुखवटा आहे. थोडा वेळ थांबून त्यांनीं दुसरा प्रश्न विचारला. त्यांच्या बोलींतलें वाक्य आमच्या भाषेंत असें: "आमचें सोंग ते घेतात तें बरें आहे, त्यांचें सोंग आम्हांला कोणी देतें का?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आमची कसोटी त्या प्रश्नापुढें अपुरी होती, कारण ती कथेंत कोणी काय बोलावें एवढेंच पाहत होती. मुखवटा कोणाच्या हातांत आहे याची तिला दादच नव्हती.

या प्रश्नाचा जो अर्थ पुष्कळ लोक आज करतात तो बाबांच्या मनांत नव्हता, हें येथें सांगितलें पाहिजे. ठाकराचें काम ठाकरानेंच करावें, स्त्रीचें दुःख स्त्रीनेंच लिहावें, असा हट्ट त्यांनीं धरला नाहीं. रावणाचें काम करणाऱ्या माणसाला तो हट्ट सुचणारही नाहीं. आणि आपली परंपराही तशी नाहीं. 'राजा हरिश्चंद्रां'तली तारामती साळुंके नांवाच्या पुरुषानें केली, आणि 'लंकादहनां'त (१९१७) याच गृहस्थांनीं राम आणि सीता दोन्ही कामें केलीं. शांतारामबापूंनीं १९४१ सालीं 'शेजारी' काढला. हिंदु-मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीची आणि तींत कालवलेल्या विषाची ती कथा विश्राम बेडेकरांनीं लिहिली. त्याच्या हिंदी आवृत्तींत, 'पडोसी'त, हिंदु ठाकूर झाले मझहर खान आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. त्या अदलाबदलींत जें सांगणें होतें तें संवादांत कोठेंही लिहिलें नव्हतें. एकानें दुसऱ्याच्या घरांत शिरून त्याच्या खुर्चीवर बसून दाखविलें, आणि प्रेक्षकांस तें खरें वाटलें. सहाच वर्षांनीं देशांत जें झालें त्यावरून कोणी म्हणेल कीं त्या चित्रपटाचा काय उपयोग झाला? औषधानें साथ थांबली नाहीं म्हणून तें पाणी होतें असें ठरत नाहीं.

तेव्हां तक्रार सोंगाविषयीं नाहीं. ती आहे एकतर्फी सोंगाविषयीं. शंभर वर्षें एका बाजूच्या माणसानें दोन्ही बाजूंचीं सोंगें घ्यावीं आणि दुसऱ्या बाजूनें ओसरीवर बसून 'चांगलें घेतलें आहे' म्हणावें, ही ती वाटणी. या वाटणींत आमच्यासारख्याच्या घरचें कांहीं जात नव्हतें, म्हणून ती आम्हांस दिसली नाहीं. आणि ती मोडावयास लागतांच 'चित्रपटांत राजकारण घुसलें' अशी आमची ओरड सुरू झाली.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) आम्हीं त्या रात्रीनंतर पुन्हां पाहिला. प्रथम पाहिला तेव्हां आमच्या कसोटीवर तो उतरला नव्हता. जब्या आणि त्याचें घर डुकरें धरीत धांवत असतां सबंध गांव हंसतो. त्या हंसणाऱ्यांच्या तोंडीं लेखकानें कोणतीही चांगली युक्ति घातलेली नाहीं. दुसऱ्यांदां पाहतांना कळलें कीं त्यांच्याजवळ ती नसतेच. माणूस हंसतो तेव्हां युक्तिवाद करून हंसत नाहीं. मेलेलें डुकर खांद्यावर घेऊन तें कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जातें आणि त्या भिंतीवर फुले, आंबेडकर यांचीं चित्रें रंगविलेलीं असतात. यावर कोणी एक शब्द बोलत नाहीं. शेवटीं जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्या अंगावर येतो. याहून उघडें सांगणें मराठी पडद्यावर दुसरें नसेल. पण पुढें काय करावें हें तो दगड सांगत नाहीं, कोणाचा जयजयकार करावयास लावीत नाहीं. तो फक्त आपण कोठें बसलों होतों तें दाखवितो.

त्यांच्याच 'सैराट'चें (२०१६) उदाहरण याहून शिकविणारें आहे, कारण तेथें प्रयोग करून पाहावयास मिळतो. पाटलाची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्या घरचा मुलगा यांची ती कथा हिंदींत 'धडक' (२०१८) या नांवानें नेली. गांव उदेपूर झालें, वाडे-सरोवरें आलीं, आणि जात बहुतेक गाळली गेली. काकांच्या मताप्रमाणें कथा आतां शुद्ध व्हावयास हवी होती. उपदेशाचें ओझें उतरलें होतें. झालें उलटेंच. मुलीचे भाऊबंद एवढे चिडले कशासाठीं हेंच नीट कळेना; तेव्हां शेवट भयंकर असूनही अपघातासारखा वाटूं लागला. जात हें 'सैराट'वर चिकटविलेलें सांगणें नव्हतें; ती त्या कथेची हाडें होतीं.

म्हणून पात्रांची गणती करून न्याय होतो असें जे समजतात त्यांच्याही बाजूस आम्हांस जातां येत नाहीं. नायकाचा मित्र म्हणून एक आदिवासी, शेजारीण म्हणून एक मुसलमान बाई, आणि दोघांनाही नायकाच्या चांगुलपणास साक्ष राहण्यापलीकडे काम नाहीं, अशा चित्रपटांबद्दल काका जें म्हणाले तें खरेंच आहे. मीठ-लिंबू पानावर असतें, पण जेवावयास त्याला कोणी बोलावलेलें नसतें. फरक एवढाच कीं काकांना तें मीठ-लिंबू काढून टाकावयाचें आहे, आणि आम्हांस तीं माणसें पंगतींत हवीं आहेत.

सांगण्याची भीति सत्तेस आणि समाजास किती वाटते हेंही पाहण्यासारखें आहे. प्रभातनें १९३५ सालीं संत एकनाथांवर चित्रपट काढला, बालगंधर्वांनीं त्यांत एकनाथांचें काम केलें. त्याचें मूळ नांव 'महात्मा' होतें. त्या शब्दांत गांधींचा वास येतो म्हणून परीक्षकांनीं हरकत घेतली, आणि तो 'धर्मात्मा' झाला. बरोबर नव्वद वर्षांनीं, २०२५ सालीं, 'फुले' हा हिंदी चित्रपट जोतीरावांच्या जयंतीस लागावयाचा होता. कांहीं ब्राह्मण संघटनांनीं आक्षेप घेतला, परीक्षण मंडळानें 'महार', 'मांग', 'पेशवाई' यांसारखे शब्द काढावयास सांगितले, आणि चित्रपट दोन आठवडे पुढें गेला. त्याच वर्षीं 'छावा'मध्यें संभाजीराजांना लेझीम खेळतांना दाखविलें म्हणून दुसऱ्या बाजूचे लोक संतापले आणि निर्मात्यांनीं तो भाग गाळला. जातींचीं नांवें न घेतां जोतीरावांचें चरित्र सांगावयाचें म्हणजे पटकीचें नांव न घेतां पटकीचा इतिहास लिहिण्यासारखें आहे. आणि राजा नाचला म्हणजे लहान होतो ही समजूत शिवकालाची नसून आपल्या काळाची आहे. आचार्य अत्र्यांनीं १९५४ सालीं 'महात्मा फुले' काढला आणि त्यास राष्ट्रपतींचें रौप्यपदक मिळालें; तेव्हांचा समाज आजच्याहून उदार होता असें आम्ही म्हणणार नाहीं, पण पडद्यावरच्या शब्दाला आज जितकें भितात तितका तो भीत नसावा.

या सर्व गोंधळांत आम्हांस चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) वारंवार आठवतो. एका लोकशाहिरावर खटला आहे. त्याच्या गाण्यानें गटारांत उतरणाऱ्या एका कामगारास आत्महत्येस प्रवृत्त केलें असा आरोप. गाणें माणसास मारूं शकतें का, या प्रश्नाचा कायदेशीर कीस काढीत खटला महिनोन्महिने रेंगाळतो. शाहिराचें काम करणारे विरा साथीदार स्वतः आयुष्यभर चळवळींत वावरलेले. मध्येंच सरकारी वकीलबाई सुट्टीच्या दिवशीं कुटुंबासह मराठी नाटक पाहावयास जातात. नाटक हलकेंफुलकें, घरगुती. परप्रांतीयांची टवाळी करणारें. प्रेक्षागृह टाळ्यांनीं दुमदुमतें. त्या नाटकावर कोणी खटला भरीत नाहीं, तें राजकारणी आहे असें त्या प्रेक्षकांपैकीं कोणाच्या स्वप्नांतही येत नाहीं. दिग्दर्शक यावर टिप्पणी करीत नाहीं. आमच्या अंगणांतला वाद त्या एका प्रसंगांत सबंध आहे. तो प्रसंग पाहतांना आम्हीही आधीं हंसलों होतों, हें नमूद करणें भाग आहे.

आतां शेवटची हकीगत सांगून थांबतों. बाबांचा नातू नाशकास कॉलेजांत आहे. यंदा खरड छाटणीच्या वेळीं तो आजोबांबरोबर आला होता, तेव्हां त्यानें मोबाइलवर सात-आठ मिनिटांचा एक चित्रपट केला आणि तो आम्हांस दाखविला. कथा साधी: एका बागाईतदाराकडे शनिवारीं मजुरी वांटली जाते. बागाईतदाराचें काम केलें होतें बाबांनीं, डोक्यास आमचीच जुनी टोपी घालून. पडद्यावरचे नाना नोटा मोजतात, अंगठ्यास थुंकी लावून पुन्हां मोजतात, देतांना हात क्षणभर मागें घेतात, आणि "पुढच्या खेपेस लवकर या हो" म्हणतात. घरांतलीं मुलें पोट धरून हंसलीं. सौभाग्यवतींनीं तोंडास पदर लावला.

आम्हांस राग आला. हा सरळ प्रचार आहे, असें मनांत आलें. आम्ही असे कधीं मोजतों? आणि बाबांच्या आजारपणांत आम्हीं पैसे दिले, तें यांत कोठें आहे? आम्हीं तसें बोलूनही दाखविलें. पोरगा नम्रपणें म्हणाला, "नाना, तें खरें आहे. पण सात मिनिटांत बसलें नाहीं. तुम्ही म्हणत असाल तर घालतों." बाबा टोपी काढून हातांत घेऊन उभे होते. आम्हीं विचार केला आणि राहूं दे म्हटलें. नंतरही दोन दिवस तें मनांतून गेलें नाहीं; आमच्या तोंडीं एखादी चांगली युक्ति घातली असती तर काय बिघडलें असतें, असें वाटत राहिलें. कसोटी आमचीच होती.

पुढच्या शनिवारीं मजुरी वांटावयास बसलों. नोटांचें पुडकें हातांत घेतलें, एकदां मोजलें, आणि अंगठा आपोआप तोंडाकडे गेला. समोर बाबा आणि त्यांचा नातू उभे होते. दोघांपैकीं कोणीही हंसलें नाहीं.

वैशाखांत त्यांच्या गांवीं बोहाडा आहे. बाबांचे गुडघे आतां साथ देत नाहींत, म्हणून रावणाचा मुखवटा यंदा नातू लावणार. आम्हांस बोलावणें आलें आहे, आणि आम्ही जाणार आहों.